उंचावरची माणसं आणि त्यांना मोजायला गेलेले शास्त्रज्ञ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेहला आम्ही ज्या घरी उतरलो होतो, तिथल्या घरमालकीण आमा-लेंच्या बोटाला आमच्यातल्या एकाने गंमत म्हणून ऑक्सिमीटर लावला. त्याचा स्वतःचा आकडा ८२ होता आणि सकाळपासून तो डोकं धरून बसला होता. आमा-लेंचा आकडा आला ९१. तो काय आहे हे न विचारताच त्या भरलेली बादली उचलून जिना चढून गेल्या. परत आल्यावर या विषयावर जे मिळेल ते वाचत सुटलो. मित्रमंडळी तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे.

'उंचावर राहणारे' म्हणजे नक्की किती उंचावर?

अभ्यासक साधारण २,५०० मीटरची रेघ धरतात. त्याच्यावर शरीराला कमी ऑक्सिजनची दखल घ्यावीच लागते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजदादीनुसार जगात सुमारे ८ कोटी १६ लाख माणसं या रेघेच्या वर राहतात आणि १ कोटी ४४ लाख माणसं ३,५०० मीटरच्याही वर. आपल्या बाजूने सांगायचं तर कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर. म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच दगडावर उभं राहिलं तरी आपण या गणतीत येत नाही. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे.

या अभ्यासाचा बहुतेक इतिहास तीन ठिकाणी घडला: दक्षिण अमेरिकेतला अँडीज, तिबेट-हिमालय आणि इथिओपियाचं पठार. आल्प्स आणि कोलोराडो इथेही पुष्कळ काम झालं, पण तिथे एवढ्या उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणारी जुनी वस्ती फारशी नाही.

वर हवेत ऑक्सिजन कमी असतो, असंच ना?

प्रमाण तेच असतं, २१ टक्क्यांच्या आसपास. कमी होतो तो हवेचा दाब. आपण हवेच्या समुद्राच्या तळाशी राहतो, असं इटलीच्या तोरिचेली या शास्त्रज्ञाने १६४४ साली लिहिलं. चार वर्षांनी पास्कालच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पाऱ्याची नळी घेऊन फ्रान्समधल्या प्युई द डोम डोंगरावर चढला आणि वर पारा खाली उतरतो हे त्याने दाखवून दिलं. समुद्रकाठी पाऱ्याचा स्तंभ ७६० मिलिमीटर उभा राहतो, लेहला ४९० च्या आसपास. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ मध्ये प्रत्यक्ष मोजला तेव्हा २५३ भरला. एका श्वासात आत येणारा ऑक्सिजन त्याच हिशेबाने घटतो.

मात्र त्रास दाब कमी झाल्याचा होतो की ऑक्सिजन कमी पडल्याचा, हे ठरायला १८७८ साल उजाडलं. ते ठरवलं पॅरिसच्या पॉल बेअर यांनी. त्यांनी दाब कमी-जास्त करता येतील अशा लोखंडी कोठ्या बांधल्या, त्यांत प्राणी बसवले, स्वतःही बसले. दाब कमी असतानाही ऑक्सिजन हुंगला की बरं वाटतं, हे त्यांनी स्वतःवर अनुभवलं.

उंचीचा त्रास पहिल्यांदा कोणी नोंदवला?

चीनच्या जुन्या नोंदींत, ख्रिस्तपूर्व ३० च्या सुमाराला, पश्चिमेकडच्या वाटेवर 'मोठा डोकेदुखी डोंगर' आणि 'छोटा डोकेदुखी डोंगर' येतात. तिथे माणसाला ताप भरतो, डोकं दुखतं, उलट्या होतात. नाव ठेवणाऱ्याने निदानच करून टाकलं होतं.

युरोपियनांमध्ये नाव घेतलं जातं ते होसे दे आकोस्ता या जेझुइट पाद्र्याचं. पेरूतल्या पारियाकाका भागातली खिंड ओलांडताना तो इतका आजारी पडला की आता जीव जातो असं त्याला वाटलं. १५९० साली छापलेल्या ग्रंथात त्याने कारणही दिलं: इथली हवा इतकी विरळ आणि नाजूक आहे की ती माणसाच्या श्वासाला पुरत नाही. हवेला वजन असतं हे अजून कोणी सिद्ध केलं नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट.

दोन्ही नोंदी वाटसरूंच्या आहेत. डोंगरात राहणाऱ्यांना काय होतं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. तो नंतरही बराच काळ कोणाला पडला नाही.

पोटोसीत स्पॅनिश बाळं जगत नव्हती, हे खरं की दंतकथा?

बोलिव्हियातलं पोटोसी १५४५ मध्ये चांदीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलं, सुमारे ४,००० मीटरवर. आंतोनियो दे ला कालांचा या धर्मोपदेशकाने १६३९ च्या बखरीत लिहिलं आहे की स्थानिक बायकांना मुलं होत, ती जगत, पण स्पॅनिश बायकांना झालेलं मूल लगेच दगावे. म्हणून त्या बाळंतपणासाठी खाली दऱ्यांमध्ये उतरत आणि मूल वर्षाचं होईपर्यंत तिथेच राहत. शहर वसल्यानंतर ५३ वर्षांनी पहिलं स्पॅनिश मूल जगलं, ते एका संताच्या कृपेने, असं बखरकार म्हणतो.

संताचा भाग बाजूला ठेवू. बाकीची नोंद आजच्या माहितीशी चांगली जुळते. उंची वाढली की बाळाचं जन्मवजन घटतं, दर हजार मीटरला सरासरी १०० ग्रॅमच्या आसपास. अँडीज आणि तिबेटमधल्या जुन्या रहिवाशांमध्ये ही घट नव्याने वर आलेल्यांपेक्षा कमी असते, कारण गरोदरपणात त्यांच्या गर्भाशयाकडे जास्त रक्त जातं. हे काम विसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या लॉर्ना मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलं. पोटोसीतल्या सुइणींना ते आधीच ठाऊक असणार, फक्त त्यांना कोणी विचारलं नाही.

रक्तातल्या लाल पेशी वाढतात हे कोणी शोधलं?

ही गोष्ट सडलेल्या रक्तापासून सुरू होते. रक्त कुजलं तरी त्याची ऑक्सिजन धरण्याची ताकद फारशी जात नाही, हे पॉल बेअर यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून त्यांनी बोलिव्हियातल्या ला पाझहून तिथल्या जनावरांच्या रक्ताचे नमुने मागवले. बोटीने पॅरिसला पोचेपर्यंत त्यांचं जे व्हायचं ते झालं, पण १८८२ मध्ये त्यांना दिसलं की हे रक्त खालच्या जनावरांच्या रक्तापेक्षा जास्त ऑक्सिजन धरतं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या राहण्याने हे झालं असणार, असा त्यांचा समज झाला.

तो १८८९ मध्ये फ्रान्स्वा व्हिओ या फ्रेंच डॉक्टरने मोडला. लिमाहून अँडीजमध्ये जाणाऱ्या नव्या रेल्वेचा फायदा घेत तो मोरोकोचा या सुमारे ४,५०० मीटरवरच्या खाणगावात पोचला आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्वतःच्या बोटाचं रक्त मोजू लागला. लिमात घन मिलिमीटरला ५० लाख पेशी होत्या. दोन आठवड्यांत ७१ लाख झाल्या. तेविसाव्या दिवशी ८० लाख. पिढ्या कशाला, तीन आठवडे पुरले! पेशींचे आकडे शोधनिबंधात शोभून दिसतात, पण मला सारखं ते दृश्य दिसतं: थंडीत बोटं आखडलेली, डोकं ठणकतंय, आणि हा गृहस्थ काचेवरच्या चौकटीतले ठिपके एकेक करून मोजतो आहे.

बायका या इतिहासात कुठे होत्या?

एक ठळक नाव आहे, मेबल फिट्झजेराल्ड. १९११ साली ऑक्सफर्डचे श्वसनाचे अभ्यासक हॉल्डेन आणि त्यांचे सहकारी कोलोराडोतल्या पाइक्स पीकच्या माथ्यावर, ४,३०० मीटरवर, प्रयोग करायला गेले. चार पुरुष वर राहिले. मेबल यांना वेगळं काम मिळालं: आसपासच्या खाणगावांत एकटीने फिरून तिथल्या रहिवाशांच्या श्वासाचे आणि रक्ताचे नमुने गोळा करणं.

हे दुय्यम वाटणारं काम जास्त टिकाऊ निघालं. शिखरावरच्या मंडळींनी नुकत्याच वर आलेल्यांचं शरीर पाहिलं. मेबल यांनी वर्षानुवर्षं तिथे राहणाऱ्यांचं पाहिलं. दाब १०० मिलिमीटरने उतरला की हिमोग्लोबिन साधारण १० टक्क्यांनी वाढतं, आणि उंचीच्या हिशेबात श्वासाचा जोरही सावकाश वाढत जातो, हे त्यांच्या १९१३ च्या निबंधातून कळलं. ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवी देत नव्हतं. त्यांना ती मिळाली १९७२ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी.

'डोंगरातली माणसं शरीराने आणि बुद्धीने कमी असतात' असं खरंच कोणी शास्त्रज्ञ म्हणाला होता?

म्हणाला होता, आणि साधासुधा शास्त्रज्ञ नव्हता तो. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट रक्त आणि श्वसन या विषयातले त्या काळचे मोठे नाव. प्रयोगाच्या बाबतीत धाडसी माणूस: १९२० मध्ये ते कमी ऑक्सिजनच्या काचेच्या खोलीत सहा दिवस राहिले होते. १९२१-२२ च्या हिवाळ्यात ते एक तुकडी घेऊन पेरूतल्या सेर्रो दे पास्कोला, ४,३३० मीटरवर गेले. रेल्वेच्या सामानाच्या डब्यातच प्रयोगशाळा थाटली होती. तुकडीतले लोक आजारी पडले, सावरले, पुन्हा मोजायला बसले. खाणीतून पाठीवर धातूच्या दगडांचं ओझं घेऊन वर येणारे स्थानिक मजूर त्यांनी पाहिले, त्यांच्या छातीची मापं घेतली, एक्स-रे काढले. आणि १९२५ च्या पुस्तकात लिहून ठेवलं की उंचावर राहणाऱ्या सगळ्याच माणसांची शारीरिक आणि बौद्धिक शक्ती खालावलेली असते.

हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. जो दम खात खात मोजतो आहे तो सुदृढ, आणि ज्याच्या पाठीवर ओझं आहे तो खालावलेला! पण बारक्रॉफ्टना एकट्याला झोडपून उपयोग नाही. त्यांच्या आधी मेक्सिकोत राहिलेल्या झुर्दाने या फ्रेंच डॉक्टरनेही पठारावरच्या लोकांच्या रक्तात ऑक्सिजनचा दुष्काळ असतो आणि म्हणून ते निस्तेज असतात, असं मांडलं होतं. याच झुर्दानेच्या पैशावर पॉल बेअर यांच्या कोठ्या उभ्या राहिल्या. समुद्रकाठचं शरीर हेच माप, बाकीची सगळी शरीरं त्याच्यापासून किती ढळली ते मोजायचं, अशी ती सगळी पद्धतच होती.

त्याला कोणी उत्तर दिलं का?

दिलं, पेरूमधूनच. लिमाचे डॉक्टर कार्लोस मोंगे मेद्रानो १९२७ मध्ये स्वतःची तुकडी घेऊन अँडीजमधल्या ला ओरोयाला गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अँडीजचा माणूस आजारी नाही, तो त्याच्या हवेला साजेसा आहे. आजारी पडतात ते इथे येणारे पाहुणे, आणि पाहुण्यांनी आपल्या डोकेदुखीवरून यजमानाची परीक्षा करू नये. स्थानिक लोक त्या उंचीवर नाचतात, फुटबॉल खेळतात, दिवसभर चालतात, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. १९३१ मध्ये लिमात अँडीज जीवशास्त्राची संस्था उभी राहिली आणि मोंगेंचे सहकारी आल्बेर्तो उर्तादो यांनी मोरोकोचात राहून हजारो मोजमापं घेतली. रुंद छाती, मोठी फुप्फुसं, जास्त रक्त, जास्त हिमोग्लोबिन हे अँडीजच्या माणसाचं चित्र आपल्याकडे आलं ते प्रामुख्याने उर्तादोंच्या वह्यांतून.

यात राष्ट्राभिमान होता का? होता, भरपूर होता. त्या वेळी पेरूमध्ये तिथल्या मूळ आदिवासी समाजाला देशाचा कणा मानणारी चळवळ जोरात होती आणि मोंगेंचं विज्ञान तिच्या हातात हात घालून चालत होतं. अँडीजचा माणूस ही माणसाची वेगळीच जात असल्यासारखं ते बोलू लागले, तेव्हा त्यांनीही थोडा तोल घालवला असं मला वाटतं. तरी या भांडणाचा फायदा असा झाला की प्रश्न उलटला. यांच्यात काय कमी आहे, हे विचारणं मागे पडलं. यांना हे जमतं कसं, हे विचारलं जाऊ लागलं.

मग मोंगेंच्याच नावाचा आजार कसा?

गंमत तिथेच आहे. अँडीजची माणसं निरोगी आहेत म्हणून जन्मभर भांडणाऱ्या मोंगेंनीच त्यांच्यातला सगळ्यात प्रसिद्ध आजार शोधला. १९२५ मध्ये त्यांनी सेर्रो दे पास्कोहून आलेला एक रुग्ण लिमाच्या डॉक्टरांपुढे ठेवला आणि १९२८ मध्ये आजाराचं सविस्तर वर्णन छापलं. वर्षानुवर्षं उंचावर नीट राहिलेल्या माणसाचं रक्त बेसुमार दाट होतं. ओठ निळे-जांभळे, डोळे लाल, डोकं जड, कानात आवाज, झोप नाही. खाली समुद्रकाठी आणलं की काही आठवड्यांत माणूस बरा, परत वर नेला की तेच. आजच्या व्याख्येप्रमाणे पुरुषात हिमोग्लोबिन २१ आणि बाईत १९ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या पुढे गेलं तर डॉक्टरांना मोंगे रोगाची शंका येते.

पेरूमध्येच ला रिंकोनादा नावाची सोन्याच्या खाणीची वस्ती आहे, ५,१०० मीटरच्या वर, माणसाची जगातली सगळ्यात उंच कायमची वस्ती. ना नीट गटारं, ना नळाचं पाणी. २०१९ पासून फ्रेंच आणि पेरूचे डॉक्टर तिथल्या खाणकामगारांना तपासत आहेत. दर चौघांत साधारण एकाला मोंगे रोग आहे. तरीही लोक उतरत नाहीत, कारण सोनं खाली नाही.

माणूस कायमचा किती उंचावर राहू शकतो?

याचं जुनं उत्तर शास्त्रज्ञांनी दिलं नाही, चिलीतल्या गंधकाच्या खाणकामगारांनी दिलं. १९३५ मध्ये अमेरिकेतली एक मोठी तुकडी औकानकिल्चा डोंगरावर गेली. खाण सुमारे ५,८०० मीटरवर होती, कामगारांची वस्ती ५,३०० वर. रोज एवढं चढून येण्यापेक्षा खाणीजवळच राहा म्हटलं तर कामगार तयार नव्हते. वर भूक लागत नाही, झोप लागत नाही, वजन उतरतं, हे त्यांना अनुभवाने कळलेलं. ५,३०० च्या आसपासची ती मर्यादा आजही मोठ्या फरकाने ओलांडली गेलेली नाही.

शेर्पांचा अभ्यास कधी सुरू झाला?

गिर्यारोहणाच्या शेपटाला धरून. लंडनमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे अलेक्झांडर केलास एकेकटे हिमालयात येत आणि बरोबर युरोपियन न घेता शेर्पा घेत. उंचावर हीच माणसं सगळ्यात भरवशाची, असं मत त्यांनी फार आधी दिलं. १९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेत तिबेटमधल्या वाटेवरच ते वारले.

खरा पद्धतशीर अभ्यास १९६०-६१ चा. एव्हरेस्टवीर हिलरी आणि शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांच्या तुकडीने एव्हरेस्टजवळच्या मिंगबो खोऱ्यात ५,८०० मीटरवर एक रुपेरी झोपडी उभारली आणि हिवाळाभर तिच्यात प्रयोग केले. या तुकडीत आपल्याकडचे शास्त्रज्ञ सुखमय लाहिरी होते. कमी ऑक्सिजन मिळाला की आपला श्वास आपोआप वाढतो, शेर्पांचा तेवढा वाढत नाही, असं त्यांच्या आणि जेम्स मिलेज यांच्या मोजमापांतून निघालं. पुढच्या काही अभ्यासांत ते तसं आढळलं नाही आणि वाद बराच चालला.

त्या हिवाळ्यात झोपडीकडे एक नेपाळी यात्रेकरू येऊन ठेपला. अनवाणी, अंगावर जुजबी कपडे, रात्री उघड्यावर बर्फात झोपणारा. सगळ्यांना वाटलं, मरणार हा. प्यू यांनी त्याच्या अंगाला तापमापकं लावून रात्रभर नोंदी घेतल्या. त्याचं अंग गार पडत नव्हतं. शरीर आतली भट्टी वाढवून उष्णता टिकवून धरत होतं आणि बोटांना हिमदंशही झाला नाही. प्यू यांनी १९६३ मध्ये त्याच्यावर स्वतंत्र निबंधच लिहिला.

अलीकडचं सांगायचं तर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेर्पांच्या मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे तपासले. त्यांच्या पेशी तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये जास्त ऊर्जा काढतात असं दिसलं. कमी तेलात लांब पल्ला मारणाऱ्या गाडीसारखं.

भारतीय लष्कराचा यात काय वाटा?

वाटा मोठा, आणि तो हौसेने घेतलेला नव्हता. १९६२ च्या युद्धात मैदानातले जवान विमानाने थेट लडाखसारख्या ठिकाणी उतरवले गेले. सराव नाही, थांबा नाही. जवान आजारी पडू लागले, काहींची फुप्फुसं पाण्याने भरली. तो न्यूमोनिया नव्हे, उंचीमुळे फुप्फुसांत पाणी साठण्याचा आजार आहे, हे पेरूच्या डॉक्टरांनी ओळखलं होतं, पण बाकीच्या जगाला ते १९६० च्या आसपास नीट कळलं होतं. इंदर सिंग आणि सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये अमेरिकेच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला. एवढ्या मोठ्या संख्येवरचा उंचीच्या आजाराचा तसा अभ्यास तोपर्यंत झालेला नव्हता. पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांनी त्याचा आधार घेतला.

१९८४ पासून सियाचेन. ५,८०० ते ६,७०० मीटरवर आठवडेच्या आठवडे काढलेल्या २१ जवानांच्या हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येऊन अंगावर सूज चढलेली आढळली, खाली आणल्यावर ती उतरली. १९९० मध्ये हे एक वेगळं दुखणं म्हणून नोंदलं गेलं. आज लष्करात वर चढवण्याचे तीन टप्पे ठरलेले आहेत: पहिल्या उंचीवर सहा दिवस, पुढे चार, आणखी पुढे चार. आपल्या गावांतून सियाचेनला जाऊन आलेल्या फौजींना विचारा, त्यांना हे वेळापत्रक तोंडपाठ असतं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेले कितीतरी डॉक्टर याच चौक्यांवर काम करतात.

एक नोंद मात्र करायला हवी. या संशोधनाच्या केंद्रस्थानी मैदानातून वर गेलेला जवान आहे. लडाखमधला चांगपा मेंढपाळ त्यात क्वचितच दिसतो.

तिबेटी आणि अँडीजच्या लोकांत फरक असतो का? दोघंही उंचावरचेच ना?

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर भाग. १९७० च्या दशकापर्यंत सर्वसाधारण समज असा होता की अँडीजमध्ये जे सापडलं तीच उंचीला जुळवून घेण्याची एकमेव तऱ्हा. मग हिमालयातून वेगळे आकडे येऊ लागले. अमेरिकी मानवशास्त्रज्ञ सिंथिया बीऑल तिबेटच्या भटक्या पशुपालकांमध्ये जाऊन राहिल्या, नंतर बोलिव्हियात आयमारा लोकांकडे गेल्या आणि दोन्हीकडे सारख्याच पद्धतीने मोजलं. ४,००० मीटरच्या आसपास आयमारा पुरुषांचं सरासरी हिमोग्लोबिन १९.२ निघालं. तिबेटी पुरुषांचं १५.६. म्हणजे पुण्या-मुंबईच्या धडधाकट माणसाएवढं!

अँडीजच्या शरीराने रक्तात लाल पेशींची गर्दी वाढवली. तिबेटी शरीर भराभर श्वास घेतं आणि रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवून रक्त जास्त फिरवतं. त्यांच्या रक्तात नायट्रिक ऑक्साइडपासून बनणाऱ्या पदार्थांचं प्रमाण खूप जास्त सापडलं, ते याच कामाचं. दाट रक्त नाही म्हणून मोंगे रोगही त्यांच्यात कमी. बीऑल यांनी इथिओपियाच्या सेमियेन डोंगरातला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे ३,५३० मीटरवरच्या अम्हारा लोकांचं हिमोग्लोबिन साधं आणि रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के, समुद्रकाठच्यासारखा. त्यांचं कोडं तिसरंच.

हे जनुकांत असतं की तिथे वाढल्याने येतं?

दोन्ही. १९६० च्या दशकात अमेरिकी मानवशास्त्रज्ञ पॉल बेकर यांनी पेरूतल्या नुन्योआ भागात वर्षानुवर्षं काम केलं: मुलांची वाढ, थंडी, जेवण, कोकाची पानं, सगळं. त्यांचे विद्यार्थी रोबेर्तो फ्रिसांचो यांनी दाखवलं की लहानपणीच वर आलेल्या मुलाची छाती आणि दम स्थानिकांच्या बराच जवळ जातो, मोठेपणी आलेल्याचा जात नाही.

जनुकांचा भाग २०१० मध्ये उघडला. तीन वेगळ्या गटांनी एकाच वर्षी ईपीएएस-१ या जनुकाकडे बोट दाखवलं. त्याचं एक रूप तिबेट्यांत ८७ टक्के आणि हान चिन्यांत ९ टक्के. ऑक्सिजन कमी पडला की शरीरात जी घंटा वाजते, तिचा हा भाग आहे. त्या घंटेच्या शोधालाच २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. तिबेट्यांच्या रूपात ती घंटा जरा हळू वाजते, म्हणून लाल पेशींची भरमसाट भरती होत नाही. २०१४ मध्ये कळलं की हे रूप डेनिसोवन या नामशेष मानवांकडून आलेलं आहे, जुन्या संकरातून. २०१९ मध्ये तिबेटच्या पठाराच्या कडेवरच्या, ३,२८० मीटर उंचीवरच्या एका गुहेतला जबडा डेनिसोवनचा ठरला, किमान १ लाख ६० हजार वर्षं जुना. तो १९८० मध्ये एका बौद्ध भिक्षूला सापडला होता.

डोंगरातल्या गलगंडाचा याच्याशी संबंध आहे का?

उंचीशी नाही, पावसाशी आणि बर्फाशी आहे. उतारावरची माती धुपून आयोडीन वाहून जातं. आल्प्समध्ये गलगंड आणि जन्मजात मतिमंदता इतकी होती की प्रवासी त्याचीच वर्णनं लिहीत. बुसँगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने अँडीजमध्ये फिरताना आयोडीन असलेलं मीठ वापरावं असं १८३० च्या दशकात सुचवलं, पण कोणी ऐकलं नाही. स्वित्झर्लंडने १९२२ मध्ये ते मनावर घेतलं.

आपल्याकडे गिलगिटमध्ये ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी गढूळ पाण्यातला गाळ स्वतः पिऊन आणि स्वयंसेवकांना पाजून प्रयोग केले. गलगंड दूषित पाण्याने होतो, असा त्यांचा निष्कर्ष. तो पूर्ण बरोबर नव्हता. उत्तर आलं हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यातून. १९५६ पासून व्ही. रामलिंगस्वामी यांच्या गटाने खोऱ्याचे तीन भाग केले, दोन भागांत आयोडीनचं मीठ, तिसऱ्यात साधं. काही वर्षांत दोन भागांतला गलगंड झपाट्याने उतरला, तिसऱ्यातला तसाच राहिला. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तुमच्या फोडणीच्या डब्याशेजारी जे आयोडीनयुक्त मीठ आहे, त्याच्यामागे कांगड्याच्या गावांची मान आहे, अगदी शब्दशः.

हुंझातले लोक १२० वर्षं जगतात ना?

नाही. काराकोरममधलं हुंझा खोरं आणि एक्वादोरमधलं विल्काबाम्बा यांची कीर्ती १९७० च्या दशकात हार्वर्डच्या अलेक्झांडर लीफ यांच्या लेखांमुळे पसरली. नंतर विल्काबाम्बाचे बाप्तिस्म्याचे दाखले तपासले तेव्हा कळलं की म्हातारी मंडळी वय सर्रास वाढवून सांगत होती, शंभरीचा एकही जण खरा निघाला नाही. लीफनी स्वतः ते मान्य केलं. हुंझात तर दाखलेच नव्हते. आपल्याकडे फॉरवर्ड मात्र दर महिन्याला येतो, जर्दाळूच्या फोटोसकट.

लेहला चाललोय. सह्याद्रीत दर रविवारी ट्रेक करतो. त्याचा फायदा होईल ना?

पायांना होईल. रक्ताला सह्याद्रीतली उंची जाणवतही नाही, आणि उंचीचा आजार तंदुरुस्ती बघून येत नाही. आमच्यातला जो डोकं धरून बसला होता, तो दोन मॅरेथॉन धावलेला. विमानाने उतरलात तर पहिले दोन दिवस बाजारापलीकडे जाऊ नका, दारू टाळा, डायमॉक्स घ्यायची की नाही ते निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. विश्रांती घेतानाही धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलण्यात गोंधळ झाला तर सकाळची वाट बघू नका, लगेच खाली उतरा. आणि घरमालकीण म्हणाल्या की आज खारदुंग ला ही वरची खिंड नको, तर नको.